पूर्व भागातील रस्ता : आधी पाण्याची वाट ठरवा, मग सायकलची

पूर्वभागकर (धागाकर्ता)

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागातून अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीकडे जाणारा आपला रस्ता नव्याने करण्याची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. या वेळी रहिवाशांनी काँक्रीटबरोबर पावसाळी गटार आणि दोन्ही बाजूंना सायकल मार्ग अशीही मागणी केली आहे. तिला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मात्र सामूहिक निवेदन लिहिण्यापूर्वी एका गोष्टीचा विचार व्हावा, यासाठी हा धागा काढत आहे.

रस्त्याला मध्यापासून दोन्ही कडांकडे साधारण दोन ते अडीच टक्के उतार देतात. सात मीटर रुंदीच्या रस्त्यात याचा अर्थ असा, की कडेची पातळी मध्यापेक्षा सात ते नऊ सेंटिमीटर खाली असते. पाऊस पडला की पाणी, वाळू, काचेचे तुकडे, मागाच्या शेडमधून झाडून काढलेला सुताचा कचरा, असे सगळे त्या कडेला येऊन बसते. ड्रेनेजच्या चेंबरची झाकणे आणि गटाराच्या जाळ्या बहुधा तिथेच असतात, आणि मोटारी-टेम्पोंना वाट देताना सायकलवाल्याला नेमके त्याच कडेला सरकावे लागते. म्हणजे मीटर-दीड मीटर रुंदीची एकच पट्टी गटारालाही हवी आहे आणि सायकललाही. असे असताना ही दोन कामे दोन स्वतंत्र निविदांतून, एकमेकांचे नकाशे न पाहता झाली, तर हिरवा रंग दिलेले गटार आपल्या पदरी पडेल. माझे म्हणणे एवढेच आहे, की पाण्याची पातळी आधी निश्चित व्हावी आणि सायकल मार्ग त्या पातळीला धरून आखला जावा.

या रस्त्यावर सायकल चालवणारे कोण आहेत, हेही निवेदनात स्पष्ट लिहावे असे मला वाटते. पाळी सुटल्यावर घरी निघालेले यंत्रमाग कामगार, शिकवणीला जाणारी मुले-मुली, दूध आणि वर्तमानपत्रे टाकणारे. पहाटे व्यायामाला निघणाऱ्या मंडळींबद्दल आदर आहे, पण त्यांना रिकामा रस्ता मिळतोच. आपली मते, विशेषतः विरोधी मते, अवश्य लिहावीत.

स्थापत्य_निवृत्त

धागाकर्त्यांचा मुद्दा रास्त आहे. मी त्याच्याही एक पाऊल मागे जाऊन विचारतो, की गोळा केलेले पाणी शेवटी सोडणार कुठे? रस्त्याचे अंदाजपत्रक लांबीने तयार होते. इतके मीटर काँक्रीट, इतके मीटर गटार. पाणी मात्र उताराने वाहते. पुढच्या नाल्याचा तळ आपल्या गटाराच्या तळापेक्षा पुरेसा खाली नसेल, किंवा नाल्याचे तोंड अतिक्रमणाने व राडारोड्याने अरुंद झाले असेल, तर वरचे गटार कितीही देखणे बांधले तरी ते लांबट हौद म्हणूनच उभे राहील. त्यामुळे रस्त्याचा उभा छेद, म्हणजे लांबीभरातील चढ-उतार दाखवणारा नकाशा, नाल्याच्या तळापासून वर असा काढला पाहिजे.

आता आकाराबद्दल. सोलापूर पर्जन्यछायेत असल्यामुळे ‘आपल्याकडे पाऊसच किती’ असे म्हणण्याची आपल्याला सवय आहे. वर्षाची बेरीज कमी असते हे खरे. गटाराला मात्र वर्षाची बेरीज कळत नाही, त्याला तासाभरात किती कोसळले एवढेच कळते. आपल्याकडे सप्टेंबरात आणि परतीच्या पावसात एकेक सर अशी येते की अर्ध्या तासात चौक भरतात. १४ ऑक्टोबर २०२० रोजी बंगालच्या उपसागरातून आलेला कमी दाबाचा पट्टा आंध्र-तेलंगण ओलांडून आपल्या जिल्ह्यावर आला, तेव्हाचा पाऊस अनेकांना आठवत असेल.

हिशेबाची पद्धत सोपी आहे. क्षेत्र हेक्टरमध्ये, पावसाची तीव्रता तासाला मिलिमीटरमध्ये आणि पाणी वाहून जाण्याचा गुणांक (पडलेल्या पावसाचा किती भाग वाहून येतो तो) यांचा गुणाकार करून त्याला ३६० ने भागले की सेकंदाला किती घनमीटर पाणी येणार ते कळते. उदाहरणादाखल रस्त्याकडे उतरणारे क्षेत्र १० हेक्टर धरा. सगळीकडे पत्रे, स्लॅब आणि फरशी असल्यामुळे गुणांक ०.८ घ्या आणि तासाला ६० मिलिमीटरची सर धरा. उत्तर येते सेकंदाला सुमारे १.३३ घनमीटर. हे पाणी सेकंदाला दीड मीटर वेगाने न्यायचे तर एक मीटरहून किंचित जास्त व्यासाचा नळ लागतो. त्याच वेगाने सहाशे मिलिमीटरचा नळ जेमतेम एक तृतीयांश पाणी नेईल. क्षेत्र आणि तीव्रता प्रत्यक्ष मोजून घ्यावी लागेल. पण हा हिशेब कागदावर मांडलेला आहे का, एवढे तरी निवेदनातून विचारता येईल. पावसाळी गटारांसाठी केंद्र सरकारची २०१९ ची नियमपुस्तिका आणि इंडियन रोड्स काँग्रेसची शहरी जलनिःसारणाची मार्गदर्शिका उपलब्ध आहे, तेव्हा ‘मापदंड नाहीत’ ही सबब चालणार नाही.

कापडदुकान_पेठ

मी दुकानदार आहे आणि सुरुवातीलाच सांगतो, की सायकल मार्गाला माझा विरोध नाही. विरोध आहे तो रस्त्याची उंची वाढवण्याला. माझ्या वडिलांनी दुकान बांधले तेव्हा रस्त्यावरून दुकानात यायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. जुन्या थरावर नवा थर, त्यावर आणखी एक, असे होत आता रस्ता आणि उंबरठा जवळजवळ एका पातळीवर आले आहेत. मोठी सर आली की नोकर आधी खालच्या कप्प्यातले टॉवेल-चादरींचे गठ्ठे उचलतात आणि मग शटरपाशी वाळूच्या पिशव्या लावतात. चादर एकदा गटाराच्या पाण्यात भिजली की धुऊनही विकता येत नाही, कारण वास जात नाही.

दुसरा प्रश्न माल उतरवण्याचा आहे. दुकानासमोर टेम्पो उभा राहणारच. त्याला जागा दाखवली नाही, तर तो सायकल मार्गात उभा राहील आणि दोष मात्र दुकानदारांना दिला जाईल.

पूर्वभागकर

मालक, आपले दोन्ही मुद्दे निवेदनात घ्यायला हवेत. उंचीबाबत ‘जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा थर टाकू नये आणि रस्त्याची अंतिम पातळी लगतच्या सर्वांत खालच्या उंबरठ्यापेक्षा खाली राहावी’ अशी स्पष्ट अट घालता येईल.

जागेचा हिशेब मी असा करून पाहिला. रस्त्याची रुंदी १८ मीटर धरली, तर दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरचे पदपथ आणि दोन-दोन मीटरचे एकेरी सायकल मार्ग मिळून आठ मीटर होतात. सायकल मार्ग आणि वाहनांचा रस्ता यांच्यामध्ये अर्ध्या मीटरची विलगपट्टी दोन्हीकडे धरली की नऊ. वाहनांसाठी सव्वातीन मीटरच्या दोन मार्गिका म्हणजे साडेसहा मीटर. उरलेल्या अडीच मीटरमध्ये एका बाजूने आळीपाळीने झाडे आणि माल उतरवण्याच्या खाचा बसतात. जिथे प्रत्यक्षात १८ मीटर मोकळे मिळत नाहीत, तिथे आधी पार्किंग कमी करावे, पदपथ आणि सायकल मार्ग नंतर. हा क्रम लेखी नसला तर प्रत्यक्षात नेहमी उलटा होतो.

तिसरी_पाळी

मी मागावर काम करतो आणि रोज सायकलनेच जातो-येतो. वरची चर्चा वाचून बरे वाटले, कारण आमच्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही. काही गोष्टी सायकलवर बसल्याशिवाय कळत नाहीत, त्या लिहितो.

जाळीच्या सळया रस्त्याच्या दिशेने लांब ठेवलेल्या असतात, आणि दोन सळयांमधली फट सायकलच्या टायरएवढी असते. पुढचे चाक त्यात गेले की माणूस थेट हँडलवरून पुढे पडतो. पाणी साचलेले असेल तर जाळी दिसतही नाही. माझ्या शेडमधल्या एका सहकाऱ्याचा पुढचा दात असाच गेला. सळया आडव्या लावायला फार जास्त पैसे लागत असतील असे वाटत नाही. चेंबरच्या झाकणाचेही तसेच. रस्ता उंच झाला की झाकण खड्ड्यात जाते, आणि झाकण उंच केले की भोवतीचे सिमेंट महिन्याभरात उखडते. रात्री पाळी सुटल्यावर दिव्यांचा उजेड रस्त्याच्या मधोमध पडतो आणि कडेला झाडाची सावली असते, त्यामुळे हे सगळे अंधारातच पार करावे लागते.

आणखी एक विचारायचे आहे. सुताची बाचकी आणि तयार माल घेऊन जाणाऱ्या हातगाड्या कुठून चालणार? पदपथावर त्या चढत नाहीत, आणि वाहनांच्या रस्त्यावर मागून ट्रक हॉर्न देतो. त्या सायकल मार्गातूनच जातील असे मला वाटते, आणि त्यांना तिथून हाकलू नये.

स्थापत्य_निवृत्त

जाळीबाबतचे निरीक्षण तंतोतंत बरोबर आहे आणि त्यावर उपाय आहे. सायकल मार्ग वाहनांच्या रस्त्यापेक्षा साधारण ७५ मिलिमीटर उंच आणि पदपथ त्याहून तेवढाच उंच ठेवायचा. सायकल मार्गाचा उतार वाहनांच्या रस्त्याकडे द्यायचा, म्हणजे दोन्हींचे पाणी विलगपट्टीच्या कडेला एकाच रेषेत येते. तिथे पाणी घेण्यासाठी जमिनीवर सपाट जाळ्या टाकण्याऐवजी कडेच्या दगडातच आडवे तोंड ठेवायचे आणि चेंबर विलगपट्टीच्या खाली घ्यायचे. असे केल्यास सायकलच्या चाकाखाली जाळीही येत नाही आणि झाकणही येत नाही. अशी तोंडे साधारण वीस ते तीस मीटरवर हवीत, आणि जिथे रस्त्याला खोलगट भाग आहे तिथे एकाऐवजी दोन. जिथे जाळी टाळताच येत नाही, तिथे सळया प्रवासाच्या दिशेला काटकोनात असाव्यात, हे नकाशावरच लिहून घ्यावे.

हातगाड्यांबाबत मी सहमत आहे. दोन मीटर रुंदी त्यासाठीच हवी. दीड मीटरचा मार्ग केला तर समोर हातगाडी आली की सायकलवाला पुन्हा रस्त्यावर उतरतो.

जुळे_सोलापूर

सर्वांचा आदर राखून विरोधी मत मांडतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३ अंशांच्या आसपास जातो. दुचाकी प्रत्येक घरात आहे. सायकलींची संख्या वर्षागणिक कमी होत असताना रस्त्याची चार मीटर रुंदी त्यांना देणे व्यवहार्य आहे का? त्यापेक्षा तेवढी रुंदी वाहनांना द्यावी, गटार नीट करावे आणि विषय संपवावा. शिवाय सायकल मार्गात दुचाकी घुसणार नाहीत, याची खात्री कोण देणार?

शिक्षिका_सोलापूर

आपल्या प्रश्नाचा पहिला भाग मी वर्गात रोज पाहते. आठवी-नववीच्या मुलींना सायकल चालवता येते, घरात सायकल असतेही, पण आई-वडील त्यांना या रस्त्यावर सोडत नाहीत. मग त्या रिक्षाने येतात किंवा भावाच्या गाडीवर बसून येतात. भावाची पाळी बदलली की शाळा बुडते. त्यामुळे आज रस्त्यावर सायकली कमी दिसतात यावरून गरज कमी आहे असा निष्कर्ष काढणे मला योग्य वाटत नाही. पुलावरून किती लोक जातील, हे नदी पोहून ओलांडणाऱ्यांची संख्या मोजून ठरवता येत नाही.

उन्हाचा मुद्दा मात्र खराच आहे, आणि म्हणूनच झाडांची पट्टी ही शोभेची बाब मानू नये. कडुनिंब आणि करंज आपल्या हवेत तग धरतात. झाडांच्या आळ्याला कडेचा दगड सलग न ठेवता मध्ये फट ठेवली, तर पहिल्या सरीचे थोडे पाणी त्यांनाही मिळते.

दुसरे म्हणजे वेग. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे झालेल्या रस्तासुरक्षेच्या मंत्रिस्तरीय परिषदेत, जिथे पादचारी, सायकलस्वार आणि वाहने एकत्र येतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असा जाहीरनामा संमत झाला. फलक लावून वेग कमी होत नाही, हे आपण सर्व जाणतो. शाळेसमोर आणि गल्ल्यांच्या तोंडाशी पदपथाच्या पातळीवर उंच केलेली ओलांडणी हवी. गाडीला ती चढून जावी लागते, त्यामुळे चालकाला वेग आपोआप कमी करावा लागतो, आणि मुलांना रस्त्यावर उतरावे लागत नाही.

स्थापत्य_निवृत्त

ताई, उंच ओलांडणीची सूचना उत्तम आहे, परंतु तिच्यासोबत एक अट जोडावी लागेल. उंच ओलांडणी म्हणजे पाण्याच्या वाटेत घातलेला बांध. चढावाकडून येणारे पाणी तिच्यापाशी अडते आणि तिथेच डबके होते. नंतर तक्रारी आल्या की कोणीतरी ओलांडणी फोडून टाकतो, आणि सुरक्षेचा मुद्दा तिथेच संपतो. त्यामुळे प्रत्येक ओलांडणीच्या वरच्या अंगाला, दोन्ही कडांना, पाणी घेणारे तोंड अनिवार्य असावे.

आता खोदकामाबद्दल. आपल्याकडे काळी माती आहे. ती भिजली की फुगते आणि वाळली की तडकते. गटारासाठी चर खणल्यावर तीच माती परत त्यात लोटून वरून खडी पसरली, तर पहिल्या पावसाळ्यात चराच्या रेषेत रस्ता बसतो. गटार कडेला असल्यामुळे ती रेषा नेमकी सायकल मार्गाखाली येते. काळी माती उचलून नेणे, मुरूम पंधरा ते वीस सेंटिमीटरच्या थरांत भरणे, प्रत्येक थरावर पाणी मारून दाबणे. यात नवीन काही नाही, फक्त ते करून घ्यावे लागते. सायकल मार्गावर पेव्हर ब्लॉक टाळावेत. खालचा थर बसला की ते वरखाली होतात आणि दुरुस्तीला काढलेले ब्लॉक पुन्हा तसे बसत नाहीत. सलग काँक्रीट किंवा डांबर उत्तम.

पाण्याच्या नळांविषयीही लिहितो, कारण ही गोष्ट आरोग्याची आहे. आपल्या शहरात पिण्याचे पाणी काही दिवसांआड येते. मधल्या काळात नळ रिकामे असतात, आणि रिकाम्या नळात बाहेरचे पाणी सांध्यांतून आत ओढले जाऊ शकते. नळजोड गटारातून किंवा गटाराला चिकटून गेलेले असतील, तर पाणी सुटल्यावर पहिल्या काही मिनिटांत जे गढूळ आणि वासाचे पाणी येते, त्याचे कारण बहुधा तेच असते. रस्ता उघडलेला असतानाच हे जोड गटारापासून दूर आणि वरच्या पातळीवर घेतले पाहिजेत. एकदा काँक्रीट पडले की पुढची कित्येक वर्षे तो रस्ता कोणी फोडू देणार नाही, आणि फोडलाच तर सायकल मार्गाच्या बाजूनेच फोडला जाईल. ठरावीक अंतरावर रस्त्याखालून आडवे रिकामे पाइप टाकून ठेवावेत, म्हणजे उद्या केबल किंवा नळजोड न्यायला खोदावे लागणार नाही.

विडीघर

माझी आई विड्या वळते. आमच्या गल्लीत बहुतेक घरांत हेच काम चालते. तेंदूचे पान भिजवून कातरीने कापल्यावर कडेच्या शिरांचे आणि देठांचे जे तुकडे उरतात, ते संध्याकाळी गटारात जातात, हे मी कबूल करते. ओल्या पानाचे तुकडे सुताच्या गुंत्यात अडकले की त्याचा असा काही लगदा होतो की पाणी अजिबात पुढे सरकत नाही. गटाराचा आकार दुप्पट केला तरी हा लगदा तोंडापाशीच बसेल.

आम्हाला दोष देऊन हे थांबणार नाही. घंटागाडी सकाळी येते आणि पानांचा कचरा संध्याकाळी तयार होतो. रात्रभर तो घरात ठेवला तर कुजतो. गल्लीच्या तोंडाशी संध्याकाळी एक फेरी ठेवली, तर कचरा गटारात टाकण्याचे कारणच उरणार नाही. माल जमा करायला निघालेल्या बायका डोक्यावर पाटी किंवा हातात पिशवी घेऊन चालत जातात, त्यांच्यासाठी पदपथ सलग हवा. प्रत्येक दुकानापुढे उतार करून तो तोडला, की एका चढ-उतारावरून दुसऱ्या चढ-उतारावर जाण्यापेक्षा त्या रस्त्यावरून चालणेच पसंत करतात.

गटार साफ करणाऱ्या माणसांचाही विचार व्हावा, ही विनंती. सुरक्षेची साधने न देता चेंबरमध्ये माणूस उतरवून सफाई करून घेणे २०१३ च्या कायद्याने बंद केले आहे. मग चेंबरची तोंडे आणि अंतरे अशी ठेवा, की यंत्राची नळी सहज आत जाईल.

स्थापत्य_निवृत्त

प्रत्येक तोंडाच्या आत एक गाळखड्डा आणि काढता येणारी टोपली ठेवली, तर पानांचा लगदा मुख्य नळात जाण्यापूर्वीच अडेल आणि वरूनच उचलता येईल. पण ती टोपली पावसाळ्यात दर आठवड्याला रिकामी करणारा कोण, हे देखभालीच्या कराराने ठरले पाहिजे. संध्याकाळच्या फेरीची सूचना मला गटारापेक्षाही महत्त्वाची वाटते.

छतावरचे पाणी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडणाऱ्यांनीही आता हात आखडता घ्यावा. मलवाहिनी मैल्याच्या प्रमाणात बांधलेली असते. पाचशे घरांच्या गच्चीचे पाणी तिच्यात गेले की झाकण उचलले जाते आणि मैला रस्त्यावर येतो. पावसाळी गटार वेगळे झाल्यावर हे जोड बदलून घेण्यासाठी प्रत्येक घरापाशी एक तोंड ठेवावे लागेल.

जुळे_सोलापूर

माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे दुचाकी घुसण्याच्या प्रश्नाचे, उत्तर अजून मिळालेले नाही.

पुण्यातला_सोलापूरकर

ते मी देण्याचा प्रयत्न करतो. पुण्यात २००६ च्या अखेरीस बीआरटीबरोबर (बससाठी राखीव मार्गिकांबरोबर) सातारा रस्ता आणि सोलापूर रस्त्यावर सायकल मार्ग झाले. पुढे त्यांतील अनेक ठिकाणी गाड्या उभ्या राहू लागल्या, विक्रेते बसले, आणि मधेच विजेची डीपी (रस्त्याकडेची वीजपेटी) किंवा झाड आले की मार्ग तिथेच संपू लागला. मार्ग तुटक असला की सायकलवाले तो सोडून देतात. तो रिकामा दिसला की इतर लोक तो व्यापतात. त्यामुळे सलगपणा ही पहिली अट आहे. पाच किलोमीटर तुकड्या-तुकड्यांनी करण्यापेक्षा दीड किलोमीटर अखंड करावा.

दुचाकी रोखण्याबाबत प्रामाणिक उत्तर असे, की जिथून सायकल जाते तिथून दुचाकीही जाऊ शकते. खांब लावून मोटारी आणि रिक्षा थांबतात, दुचाकी थांबत नाही. पण दुचाकीवाला सायकल मार्गात येतो तो प्रामुख्याने दोन कारणांनी: सिग्नलला रांग असते म्हणून, किंवा उलट दिशेने थोडेच अंतर जायचे असते म्हणून. दुभाजकात पुरेशा अंतरावर वळण्याची सोय ठेवली तर दुसरे कारण बरेच कमी होते. पहिल्यासाठी चौकापाशी पोलीस हवा, याला पर्याय मला माहीत नाही.

विक्रेत्यांबाबत २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यांच्या जागा नकाशात दाखवल्या नाहीत, तर ते सावली आणि गिऱ्हाईक असेल तिथे बसतील, म्हणजेच सायकल मार्गावर.

पद्मशाली_युवक

खांबांचा विषय निघाला म्हणून लिहितो. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव पूर्व भागातून निघतो. रथाच्या पुढे-मागे किती गर्दी असते, हे सर्वांना माहीत आहे. विलगपट्टीत काँक्रीटचे पक्के खांब रोवले, तर पहिल्याच वर्षी ते उखडले जातील आणि मग पुन्हा कोणी बसवणार नाही. खांब कुलूप काढून उचलता येणारे असावेत आणि त्यांच्या जागी झाकण बसावे. ज्या रस्त्यांवरून संक्रांतीच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांचे उंच नंदीध्वज जातात, तिथे वरच्या तारांचाही विचार करावा लागतो. आपल्या रस्त्यावरही दिव्यांच्या तारा जमिनीखालून घेतल्या तर रथाची आणि झाडांची दोन्ही अडचण सुटेल. उंच ओलांडणीचा चढ रथाच्या चाकांना मानवेल इतका लांब आणि सौम्य ठेवावा, ही विनंती उत्सवाच्या मंडळींकडूनही नक्की येईल, तेव्हा ती आधीच घालून टाकावी.

पूर्वभागकर

सर्वांचे आभार. आतापर्यंतच्या चर्चेवरून निवेदनाचा मुख्य परिच्छेद असा लिहिला आहे. दुरुस्त्या सुचवाव्यात.

‘सदर रस्त्याचे काम हाती घेण्यापूर्वी नाल्याच्या तळापासून रस्त्याच्या वरच्या टोकापर्यंतचा उभा छेद आणि दर पन्नास मीटरवरील आडवे छेद नागरिकांना पाहण्यासाठी प्रभाग कार्यालयात लावावेत, पावसाळी गटाराचा आकार कोणत्या क्षेत्रासाठी व पावसाच्या किती तीव्रतेसाठी धरला, त्याचा हिशेब त्यासोबत जोडावा, गटार, पिण्याच्या पाण्याचे जोड, पदपथ आणि सायकल मार्ग यांचे काम एकाच निविदेत आणि एकाच नकाशानुसार व्हावे, सायकल मार्गाच्या रुंदीत कोणतीही जाळी, झाकण, खांब किंवा डीपी येऊ नये, आणि रस्त्याची अंतिम पातळी लगतच्या उंबरठ्यांच्या खाली राहील, याची लेखी हमी द्यावी.’

संध्याकाळची कचराफेरी, माल उतरवण्याच्या जागा, विक्रेत्यांच्या जागा, ओलांडण्या आणि काढता येणारे खांब यांचा दुसरा परिच्छेद करतो. नकाशे सहज मिळाले नाहीत, तर माहितीच्या अधिकारात अंदाजपत्रक, छेद आणि काम सुरू झाल्यावर मोजमाप पुस्तकाच्या (झालेल्या कामाच्या नोंदवहीच्या) प्रती मागता येतील.

स्थापत्य_निवृत्त

एक बाब वाढवा. शेवटचे देयक निघण्यापूर्वी पाणी ओतून चाचणी व्हावी. वरच्या टोकाला टँकर उभा करून रस्त्यावर पाणी सोडायचे आणि ते प्रत्येक तोंडात शिरते का, ओलांडणीपाशी किती थांबते, सायकल मार्गावर कुठे डबके राहते, हे खडूने खुणा करून नोंदवायचे. टँकर एकच असला तरी उताराची चूक लगेच उघडी पडते. अंदाजपत्रकात ही स्वतंत्र बाब म्हणून धरली नसेल, तर ऐनवेळी ‘तरतूद नाही’ असे उत्तर मिळेल. दोषदायित्वाचा, म्हणजे कामातील दोष ठेकेदाराने दुरुस्त करून देण्याचा, कालावधी किमान दोन पूर्ण पावसाळे पाहील इतका असावा. ऑक्टोबरमध्ये काम संपवून पुढच्या ऑगस्टमध्ये जबाबदारी संपली, तर आपला सप्टेंबर त्यात येतच नाही.

तिसरी_पाळी

‘झाकण येऊ नये’ असे लिहिले आहे, पण जुनी ड्रेनेजची चेंबरे जिथे आहेत तिथेच राहणार ना? ती हलवता येत नसतील, तर झाकण रस्त्याच्या पातळीला आणि न घसरणारे असावे, एवढे तरी वाक्यात घाला. लोखंडी गुळगुळीत झाकणावर पावसात ब्रेक लावला की मागचे चाक सरकते.

पूर्वभागकर

घातले. ‘जुनी चेंबरे हलवणे अशक्य असेल तिथे’ अशी सुरुवात केली आहे.

कापडदुकान_पेठ

उंबरठ्यांची हमी मागायची असेल, तर आजची पातळी आपल्याकडे लिहिलेली हवी, नाहीतर उद्या ‘तुमचा ओटा मुळातच खाली होता’ असे ऐकावे लागेल. आमच्या ओळीतील दुकानदारांची यादी मी करतो आणि त्यांच्याशी बोलून ठेवतो. मोजायचे कसे, ते स्थापत्यवाल्या काकांनी सांगावे.

स्थापत्य_निवृत्त

गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी पुरेशी आहे. चौकातील एखादी पक्की, न हलणारी पायरी शून्य धरा आणि तिथून प्रत्येक उंबरठा किती सेंटिमीटर वर किंवा खाली आहे ते लिहीत जा. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, आणि प्रत्येक नोंदीचा एक फोटो दुकानाच्या पाटीसह काढा. रविवारी सकाळी दुकाने उघडण्याआधी केले तर रहदारीचा अडथळा होणार नाही. मी येतो, नळी मात्र लांब आणावी.